बोटीवरच्या पूर्वजांचा माग



समुद्र इथून, हदगावहून, पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. तरी आज मी बोटीवर राबलेल्या माणसांविषयी बोलणार आहे, आणि सुरुवात करणार आहे ती वेल्सच्या किनाऱ्यापासून. विषय लांबचा वाटेल, पण तो हदगावात मांडण्याला कारण आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत वाडवडिलांच्या नोंदीसाठी मराठवाड्याने जेवढे हेलपाटे घातले तेवढे क्वचितच कुणी घातले असतील. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ चे राष्ट्रीय रजिस्टर, कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही नावे तहसिलाच्या अभिलेख कक्षातून थेट चहाच्या टपरीवर आली. त्यामागच्या आरक्षणाच्या प्रश्नावर मी इथे बोलणार नाही, ते या व्यासपीठाचे काम नाही. पण आपला खापरपणजा कागदावर कुठे आहे, हा प्रश्न इतक्या घरांतून एकाच वेळी विचारला गेला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

त्या शोधात एक फरक ठळकपणे दिसला. ज्याच्या नावावर शेत होते त्याचा पत्ता लवकर लागला. सर्व्हे नंबर असला की माणूस सापडतो. ज्याचे पोट जमिनीवर नव्हते, जो दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या वाड्यावर किंवा पाण्यावर राबला, त्याच्या नातवाला रिकाम्या हाताने परतावे लागले. कष्टकरी माणूस स्वतःहून कागदावर येत नाही. त्याला मोजण्याची गरज दुसऱ्या कुणाला तरी पडते, त्या दिवशी त्याचे नाव लिहिले जाते. ती गरज कुणाला आणि का पडली, हे एकदा कळले की नाव कोणत्या वहीत शोधायचे तेही कळते. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळा त्याचा पुरावा आहे.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ भाग, तीन बाजूंनी समुद्र. रेल्वे येण्याआधी तिथल्या गावांचा सगळा व्यवहार लहान शिडाच्या बोटींनी चालायचा. ॲबरिस्टविथ, कार्डिगन, न्यू की, पोर्थमॅडॉग ही सगळी लहानलहान बंदरे. शेताला घालायची चुनखडी, चुलीचा कोळसा, लाकूड, धान्य सगळे समुद्रातून यायचे. पोर्थमॅडॉगहून छपरांच्या पाटीचा दगड जगभर जायचा. एका गलबतावर चार-पाच माणसे, त्यांत कप्तान बहुधा गावचाच आणि खलाशी त्याचे पुतणे-भाचे. अशा माणसांची आठवण एखाद्या पिढीपुरती राहावी आणि पुसली जावी, असेच व्हायचे. तसे झाले नाही, आणि त्याचे कारण इंग्रज सरकारला वाटलेली एक भीती.

पुढच्या युद्धात आरमाराला माणसे मिळतील की नाही, ही ती भीती. आपल्याकडे खलाशी किती आणि ते कुठे आहेत, हे सरकारला ठाऊक असायला हवे होते. म्हणून १८३५ च्या कायद्याने कप्तानांवर बंधन आले: बोटीवर घेतलेल्या प्रत्येक माणसाशी लेखी करार करायचा आणि सफर संपली की यादी सरकारात जमा करायची. माणसाचे नाव, वय, जन्माचे ठिकाण, हुद्दा, आधीची बोट, चढल्याचा दिवस, उतरल्याचा दिवस, उतरण्याचे कारण. कारणाच्या रकान्यात कुठे ‘पळून गेला’, कुठे ‘बुडाला’. खलाशाची काळजी म्हणून हे लिहिले गेले नव्हते. पण आज कार्डिगनच्या एखाद्या मुलीला आपला खापरपणजा वयाच्या चौदाव्या वर्षी कोणत्या बोटीवर स्वयंपाकाला लागला, हे त्याच यादीतून सांगता येते.

ॲबरिस्टविथला वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्या बंदरात नोंदल्या गेलेल्या शेकडो जहाजांच्या याद्या तिथे जपलेल्या आहेत. त्यांतली नावे उतरवून काढायला गावोगावचे स्वयंसेवक बसले, बरेचसे निवृत्त लोक. वेल्समध्ये हे काम सोपे नाही. तिथे जुनी रीत बापाचे नाव लावण्याची. तीच पुढे आडनावे झाली, त्यामुळे एकेका बंदरात जॉन जोन्स आणि डेव्हिड डेव्हिस यांची रीघ लागलेली. कोणता जॉन जोन्स आपला, हे वय, गाव आणि आधीची बोट यांची सांगड घालूनच ठरवावे लागते. आपल्याकडेही जुन्या कागदांत गणपत राघो आणि इब्राहिम दाऊद असतात, आडनावाचा मागमूस नसतो. तेव्हा त्यांची युक्ती आपल्यालाही लागू पडते.

वेल्सच्याच किनाऱ्यावरची एक हकीकत थोडी सविस्तर सांगतो. ऑक्टोबर १८५९ मधली पंचवीस आणि सव्वीस तारखांमधली रात्र. मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेले ‘रॉयल चार्टर’ नावाचे जहाज अँगलसी बेटाजवळ, मोइल्व्रे गावाच्या खडकांवर वादळात फुटले. ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणीत कमाई करून घरी परतणारी माणसे आत होती. सुमारे साडेचारशे माणसे गेली, चाळीसच्या आसपास वाचली, आणि वाचलेल्यांत एकही बाई किंवा मूल नव्हते. जी वाचली ती बव्हंशी माल्टाच्या एका खलाशामुळे: कमरेला दोर बांधून त्या लाटांत तो काठापर्यंत पोहत गेला. मेलेल्यांचा नेमका आकडा मात्र आजही सांगता येत नाही, कारण प्रवाशांची पूर्ण यादी जहाजाबरोबरच बुडाली.

जवळच्या लॅनॲल्गो गावचे धर्मोपदेशक स्टीफन रूस ह्यूज यांनी पुढे जे केले ते मला वंदनीय वाटते. समुद्र रोज प्रेते काठावर टाकत होता. ह्यूज यांनी ती चर्चमध्ये आणवली, आणि चेहरा ओळखू येत नाही म्हणून बाकीचे सगळे टिपून ठेवले: दंडावरचे गोंदण, बोटातली अंगठी, सदऱ्यावरची अक्षरे, बुटाचा आकार, खिशातले पत्र. नातेवाइकांची पत्रे येऊ लागली, ‘माझ्या भावाच्या डाव्या हातावर अमुक खूण होती, असा कुणी आहे का?’ प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिले. हजारावर पत्रे त्यांनी हाताने लिहिली. त्या वर्षाअखेर चार्ल्स डिकन्स तिथे गेला आणि त्याने या माणसाविषयी लिहिले, म्हणून आज आपल्याला हे कळते. १८६२ साली ह्यूज वारले, पन्नाशीही गाठली नव्हती. सरकारने त्यांना हे काम सांगितले नव्हते. मोजण्याची गरज नसताना नाव लिहून ठेवणारा माणूस विरळा, आणि तो होता म्हणून कित्येक घरांना आपले माणूस कुठे पुरले ते समजले.

आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सुमारे सातशे माणसे गेली असे म्हणतात, आणि ‘सुमारे’ हाच शब्द आजवर चालत आला आहे.

आता वेल्सच्या किनाऱ्यावरून आपल्या माणसांकडे येऊ. दूर जायचे नाही, कारण आपली माणसे तिथेच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या बोटी आल्या आणि वेल्समधला कोळसा जगाचे इंधन झाला. कार्डिफ आणि त्याला लागून असलेले बॅरी ही कोळशाची बंदरे. बॅरीची गोदी १८८९ ला सुरू झाली आणि १९१३ या एका वर्षात तिथून एक कोटी दहा लाख टनांच्या वर कोळसा बाहेर गेला. तो मुंबईत यायचा, एडनला, पोर्ट सैदला साठवला जायचा. आणि ब्रिटिश बोटींच्या पोटात, तांबड्या समुद्राच्या उकाड्यात, तो फावड्याने भट्टीत टाकणारे हात पुष्कळदा हिंदी माणसांचे असायचे. १९१४ साली ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते. कलकत्त्याहून भरती व्हायची ती सिल्हेट, नोआखाली, चितगावच्या माणसांची. मुंबईत इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण, जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती, आणि वर डेकवर रत्नागिरी, काठेवाड, कच्छकडची माणसे. त्यांत कोकणी मुसलमान होते, खारवी होते, गाबीत होते. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये या जातींची वर्णने आहेत. ज्या आज्या-पणज्यांनी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा आणि गलबते हाकली, त्यांची नातवंडे आता इंग्रजांच्या आगबोटीवर दोर ओढत होती.

बोटीवरची उतरंड अशी. सर्वांत वर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, मग सुकाणू धरणारा सुखाणी, कोठार सांभाळणारा कसाब, मग खलाशी. इंजिनकडे आगवाला, तेलवाला, कोलसावाला. स्वयंपाकाला भंडारी आणि झाडलोटीला टोपस. सारंग हा नुसता मुकादम नव्हता. भरती त्याच्याच हातात होती. मुंबईत बोट मिळवायची तर सारंगाचे आणि दलालाचे हात ओले करावे लागत. पहिल्या दोन महिन्यांचा पगार कर्जात जायचा. १९२२ साली या भरतीची चौकशी करायला सरकारने समिती नेमली, पुढे कामगारांच्या प्रश्नांवरच्या व्हिटली कमिशननेही हाच विषय काढला, कारण तक्रारी थांबत नव्हत्या. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर.

आणि जागा? कायद्याने गोऱ्या खलाशाला झोपायला किमान बहात्तर घनफूट जागा, हिंदी खलाशाला छत्तीस. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच: गुणाकार करून पाहा. एवढ्या फळीवर माणसाने वर्ष-दीड वर्ष काढायचे, त्याच फळीच्या कडेला त्याची पेटी, त्याच पेटीत नमाजाची टोपी नाहीतर गावच्या देवाचा अंगारा. १९०६ च्या कायद्याने गोऱ्यांची जागा एकशेवीस घनफुटांवर गेली. आपल्या माणसाची छत्तीस तशीच राहिली. या एका आकड्यावर माझा राग अजून शमत नाही, आणि तो शमावा असे मला वाटतही नाही.

माझे आजोळ देवगड तालुक्यातले. आईचे आजोबा मुंबईच्या आगबोटीवर खलाशी होते, एवढेच आम्हाला ठाऊक होते. घरात एक पत्र्याची नळी होती, दोन्हीकडून झाकण असलेली. खलाशी आपले कागद अशा नळीत ठेवत, आणि मुंबईच्या गोदीत खलाशाच्या दाखल्यालाच ‘नली’ म्हणत. आत एक पिवळा पडलेला कागद. त्यावर बोटीचे नाव, मुंबईत चढल्याचा दिवस, मुंबईत उतरल्याचा दिवस, ओळखीची खूण म्हणून ‘उजव्या भुवईवर व्रण’, आणि खाली दोन गोल शिक्के. एक कामाबद्दल, एक वर्तणुकीबद्दल. दोन्हींत ‘व्हेरी गुड’. हा शिक्का म्हणजे पुढच्या बोटीची चावी होती. कप्तानाने त्या जागी ‘डिक्लाइन टु रिपोर्ट’ एवढे लिहिले, म्हणजे मी या माणसाविषयी काही सांगत नाही असे म्हटले, की त्या खलाशाला दुसरी बोट मिळणे मुश्किल. सही नव्हती. निळसर शाईतला अंगठा होता, थोडा घसरलेला, घाईत उमटवून घेतल्यासारखा. आणि आजीकडून ऐकलेले एक नाव होते, ‘काडीप’. पणजोबा काडीपला जाऊन आले, असे ती म्हणायची. काडीप म्हणजे काय ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

कागदावर कार्डिफ कुठेच नव्हते, आणि असणारही नव्हते. हिंदी खलाशाचा करार मुंबईत व्हायचा आणि मुंबईतच संपायचा. मधली बंदरे त्याच्या दाखल्यावर उमटत नाहीत. ती उमटतात बोटीच्या कागदांवर. म्हणून माणसाचा माग सोडून बोटीचा माग काढावा लागतो.

इथे ज्यांच्या पाहुण्यारावळ्यांत कोकणातले कुणी असेल त्यांनी हे नीट ऐका, कारण वाट सगळ्यांना तीच आहे. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक असायचा. जहाजाचे नाव बदलले, मालक बदलला, तरी क्रमांक तोच. खलाशांच्या याद्या त्या क्रमांकाखाली रचलेल्या आहेत, खलाशाच्या नावाखाली नाहीत. लॉइड्सच्या नोंदवह्यांतून किंवा ‘क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट’ नावाच्या स्वयंसेवी संकेतस्थळावरून जहाजाच्या नावावरून क्रमांक मिळतो. मग वर्ष. १८६१ नंतरच्या याद्या फार झाल्या आणि लंडनच्या दफ्तरखान्यात मावेनात, तेव्हा त्यांची वाटणी झाली. दहा टक्के नमुना म्हणून लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. ज्या सालाच्या शेवटी पाच येतो त्या सालाच्या उरलेल्या याद्या, म्हणजे १८९५, १९०५, १९१५, बहुतेक ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. काही वेल्समधल्यासारख्या स्थानिक दफ्तरखान्यांनी उचलल्या. आणि सगळ्यांत मोठा भाग, सुमारे सत्तर टक्के, १९७० च्या सुमारास अटलांटिकपलीकडे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात गेला. ते विद्यापीठ पुढे आले नसते तर त्यांतला बराच कागद नष्ट झाला असता. देवगडच्या खलाशाचे नाव न्यूफाउंडलंडच्या बर्फात सुरक्षित आहे, हे कळले तेव्हा माझ्या आईला बराच वेळ ते खरे वाटेना. १९१५ च्या याद्या मात्र आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात. साडेसात लाखांच्या आसपास नावे आहेत त्यांत.

आमच्या बोटीचे पान हाती आले. पहिल्या पानांवर गोरे अधिकारी, एकेकाला भरपूर जागा. मागे हिंदी माणसांची जोडयादी, दाटीवाटीने. नाव, वय, गाव, हुद्दा, रुपयांत पगार. लिहिणारा कारकून इंग्रजीतून जसे ऐकू आले तसे लिहीत गेलेला. गावाच्या रकान्यात बहुतेकांपुढे नुसते ‘रत्नागिरी’. आमच्या पणजोबांच्या नावाचे दोघे निघाले, दोघांचीही बापांची नावे अर्धवट. एकट्या नावावर काहीच ठरेना. मग वरची-खालची नावे वाचली आणि उलगडा झाला. सारंग माणसे आणायचा ती आपल्या वाडीतून. यादीतले पाच-सहा जण आईने वाचताच ओळखले: हे अमक्यांचे आजे, हे तमक्यांचे, हे समोरच्या घरचे. वाडीच्या वाडी त्या पानावर ओळीने उभी होती. आमचे पणजोबा त्या ओळीत होते, दुसरे दोन पानांपुढे काठेवाडच्या माणसांत होते. आणि यादीच्या मागे परदेशी बंदरांतले जे शिक्के असतात त्यांत कार्डिफ होते. आजीचे काडीप खरे निघाले.

यातून मी एक गोष्ट शिकलो. आपल्या एकट्या पूर्वजाला शोधू नये. खासरा पत्रक असो की खलाशांची यादी, आधीची दहा आणि नंतरची दहा नावे उतरवून घ्यावीत. गरीब माणूस एकटा कधीच कुठे जात नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या तुम्ही दरवर्षी पाहता, तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. मुंबईत गोव्याच्या खलाशांचे गावोगावचे क्लब होते, धोबीतलावाच्या आसपास. कोकणी मुसलमानांच्या जमातीच्या खोल्या होत्या. बोट मिळेपर्यंत आणि बोटीवरून उतरल्यावर माणूस तिथे टेकायचा. त्या खोल्यांच्या हिशेबवह्या जिथे उरल्या आहेत तिथे त्या सरकारी यादीपेक्षा जास्त बोलतात, कारण त्या आपल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी लिहिल्या.

मरणाची नोंद हा दुसरा मार्ग, आणि दुर्दैवाने तो जास्त रुळलेला आहे. पहिल्या महायुद्धात तीन हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले, दुसऱ्यात साडेसहा हजारांच्या आसपास. मुंबईत मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशांचे. दुसऱ्या युद्धातल्यांची नावे एका ग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, एक चितगावला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर ही नावे पाहता येतात, काहींपुढे बापाचे नाव आणि गावही आहे. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचे भव्य स्मारक आहे, पण आपली बहुतेक माणसे तिथे नाहीत. त्यांची वेगळी सोय मुंबईत केली. मुंबईत रोज हजारो माणसे मशीद बंदरला उतरतात, मसाल्याची पोती चुकवत पुढे जातात. नातवाला घेऊन ती नावे पाहायला जाणारे किती असतील!

‘इजिप्त’ बोटीची गोष्ट इथे सांगायला हवी. पी अँड ओ कंपनीची ही बोट मे १९२२ मध्ये लंडनजवळच्या टिलबरीहून मुंबईला निघाली आणि दुसऱ्याच दिवशी, वीस तारखेला, फ्रान्सच्या किनाऱ्यापाशी दाट धुक्यात एका फ्रेंच जहाजाने तिला धडक दिली. वीस मिनिटांत ती बुडाली. ऐंशीवर माणसे गेली, बहुतेक बोटीवर काम करणारीच. बोटीत दहा लाख पौंडांवर किमतीचे सोने-चांदी होते. त्याची वीट न् वीट विम्याच्या कागदात मोजलेली होती, म्हणून ते काढायला इटालियन पाणबुडे वर्षानुवर्षे खपले आणि १९३२ पासून चारशे फूट खोल पाण्यातून ते वर येऊ लागले. त्यावर पुस्तके झाली. बुडालेल्या हिंदी खलाशांबद्दल मात्र इंग्रजी वर्तमानपत्रांत चर्चा रंगली ती ते घाबरून गेले का, याची. त्यांच्याच भाईबंद खलाशांनी पुढे सप्टेंबर १९३९ मध्ये त्याचे उत्तर आपल्या परीने दिले असे मी मानतो. दुसरे युद्ध सुरू होताच लंडनपासून केपटाउनपर्यंत हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले. तुरुंगात गेले, पण पगार वाढवून घेतला.

आता हदगावला येतो. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कसले खलाशी? आपल्याकडे भोई आहेत. पैनगंगेवर, कयाधूवर, गोदावरीवर पिढ्यान् पिढ्या नाव चालवणारा, मासे धरणारा, एके काळी पालखी आणि मेणे वाहणारा हा समाज. आज उमरखेडला जायचे तर पुलावरून पाच मिनिटांत नदी मागे पडते. पूल नव्हता तेव्हा दोन्ही थड्या भरून नदी वाहायला लागली की बाजारहाट, सोयरिक, बाळंतीण सगळे नावेवर अवलंबून. शिवाय ही नदी साधी नदी नव्हती. १८५३ नंतर उत्तरेकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला, दक्षिणेचा काठ निजामाचा राहिला. नावाडी एका फेरीत माणसाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन सोडायचा. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीपलीकडे कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या, उमरखेडची त्यांतलीच एक. त्या धामधुमीत अंधारात नदी पार करून देणारे हात कुणाचे होते? स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्या आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. वल्हे मारणाऱ्याची यादी कुणी केली?

इंग्रज सरकारला लढाईसाठी खलाशी मोजायची गरज वाटली म्हणून वेल्सच्या आणि देवगडच्या माणसाचे नाव उरले. पैनगंगेच्या नावाड्याला मोजायची गरज कुणालाच पडली नाही. नदी उतरण्याच्या ठेक्याचे कागद कुठे निघालेच तर त्यांत ठेकेदाराचे नाव असेल. म्हणून इथे काम उलट्या टोकाने करावे लागेल, ह्यूज यांच्यासारखे, कुणी सांगितलेले नसताना.

काही कागद आहेत आणि ते आपल्या हाताशी आहेत. निजामी दफ्तराची भाषा १८८४ पर्यंत फारसी, नंतर उर्दू. ते वाचणारी जुनी माणसे याच तालुक्यात, याच गल्ल्यांत आहेत. त्यांना मानाने बोलवा, शेजारी बसवा. त्र्यंबकेश्वरच्या आणि पंढरपूरच्या उपाध्यांच्या वह्या गाववार असतात, आणि त्यांत जमीन असण्याची अट नसते. यात्रेला गेलेल्या माणसाने बापाचे, आज्याचे नाव सांगितले की ते उतरले. गाव नमुना चौदाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत. नदीकाठच्या जिल्हा परिषद शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. समोर शाळांचे मुख्याध्यापक बसलेले मला दिसतात, त्यांना माझी विनंती आहे: या रजिस्टरांची कड झिजते आहे, कोपऱ्यातली नावे पहिल्यांदा जातात. मोबाइलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यायला एक दुपार पुरते.

कागदाच्या आधी मात्र माणसे. ईसापूरचे धरण झाल्यावर आणि पूल झाल्यावर नाव सुटली, पण ती चालवलेली माणसे अजून आहेत, सत्तरी-ऐंशीची. त्यांच्याकडे जाताना मोठा प्रश्न घेऊन जाऊ नका. ‘तुमच्या समाजाचा इतिहास सांगा’ असे विचारले तर बाबा म्हणतील, आमचा कसला इतिहास. विचारा की नाव कोणत्या लाकडाची होती आणि कुणी बांधली. विचारा की पुरात नदी कुठून तोडायची, कुठल्या खडकापाशी दोघांनी वल्हे धरायचे. पैसे मिळायचे की सुगीला धान्य, आणि कोणत्या गावातून किती पायल्या. तुमच्याबरोबर दुसऱ्या टोकाला कोण असायचे. त्याचा बाप कोण. त्याची मुलगी कोणत्या गावी दिली. नावे अशीच निघतात, एकातून दुसरे. बोलणे रेकॉर्ड करा, त्याच रात्री वहीत उतरवा. गावाचे नाव, घाटाचे नाव, सांगणाऱ्याचे वय आणि तारीख वर घाला. वहीची एक प्रत त्यांच्या घरी द्या, एक तालुक्याच्या ग्रंथालयात, एक नांदेडच्या विद्यापीठात. एकाच ठिकाणी ठेवलेला कागद टिकत नाही, ‘रॉयल चार्टर’ची यादी जहाजाबरोबरच गेली होती.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या घरच्यांनी मला मघाशी सांगितले की पुढच्या वर्षी इथे व्याख्यानाबरोबर एक टेबल मांडायला त्यांची हरकत नाही. तर पुढच्या वर्षी येताना वह्या घेऊन या. पैनगंगेच्या काठची गावे आधी घेऊ, मग कयाधूची.